जर्मन शेफर्डची जबाबदार पैदास: जोडी ठरवण्याआधीच्या तपासण्यांपासून पिल्ले नव्या घरी जाईपर्यंत

महाराष्ट्रात मेंढपाळ जातींपैकी सर्वांत जास्त पाळला जाणारा कुत्रा म्हणजे जर्मन शेफर्ड. जुनी मंडळी त्याला अजूनही अल्सेशियन म्हणतात. माक्स फॉन श्टेफानित्स या जर्मन घोडदळातील अधिकाऱ्याने १८९९ साली होरांड नावाचा कुत्रा विकत घेतला, त्याच वर्षी या जातीचा संघ स्थापन झाला आणि जातीचे ध्येयही तेव्हाच ठरले: दिवसभर न थकता दुडक्या चालीने कळपाभोवती फिरू शकणारा, धन्याचे ऐकणारा आणि गरज पडली तर स्वतः निर्णय घेणारा कुत्रा. आपल्याकडे धनगरांचे कुत्रे प्रामुख्याने राखण करतात, लांडग्याला कळपापासून दूर ठेवतात. जर्मन शेफर्डचे काम वेगळे होते. उभ्या पिकाच्या कडेने सतत येरझारा घालत चालते कुंपण व्हायचे आणि मेंढी शेतात शिरू द्यायची नाही, हे त्याचे काम. त्यासाठी खुबे, कोपर, पाठीचा कणा आणि स्वभाव या चारही गोष्टी निकोप असाव्या लागतात, आणि आजच्या जर्मन शेफर्डमध्ये नेमक्या याच चार ठिकाणी दुखणी आढळतात.

ज्यांच्याकडे चांगली मादी आहे आणि तिचे एखादे वेत घ्यावे असे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्यातील बहुतेक मजकूर मेटिंगच्या आधीच्या कामाविषयी आहे, कारण पिल्लांच्या आरोग्याचा मोठा भाग तिथेच ठरतो. नंतरच्या कष्टांनी आधीची उणीव भरून निघत नाही.

कागद, कायदा आणि वय

केनेल क्लब ऑफ इंडियाचे नोंदणीपत्र पिल्लाचे आईबाप, आजेआजी आणि पणजे कोण होते हे सांगते. त्यांचे खुबे कसे होते, आजी कोणत्या आजाराने गेली, बाप फटाक्यांच्या आवाजाने लपून बसत होता का, यांतले काहीही त्यात नसते. ‘पेपरवाली पिल्ले आहेत’ असे विक्रेता सांगतो तेव्हा अनेक खरेदीदार ती आरोग्याची हमी समजतात. वंशावळ आणि आरोग्य तपासणी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि दोन्ही लागतात.

कायद्याची बाजू आधी नीट समजून घ्यावी. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली केंद्र सरकारने २०१७ मध्ये कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसंबंधी नियम केले. विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करणे त्यानुसार बंधनकारक आहे. मादी किमान १८ महिन्यांची असावी आणि ८ वर्षांहून मोठी नसावी, वर्षात एकच वेत घ्यावे, आयुष्यात ५ पेक्षा जास्त वेते घेऊ नयेत, सख्ख्या भावंडांची किंवा आईबाप आणि अपत्य यांची जोडी लावू नये, ८ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकू नये, असे हे नियम सांगतात.

यातील १८ महिने ही कायद्याची किमान मर्यादा आहे. माझे ठाम मत असे की जर्मन शेफर्ड मादीचे पहिले वेत तिला दोन वर्षे पूर्ण होण्याआधी घेऊ नये. अमेरिकेतील ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स, म्हणजे ओएफए, ही संस्था खुब्यांचा अंतिम दाखला २४ महिन्यांनंतरच देते. शिवाय मादीचा स्वभाव पुरता स्थिरावलेला दिसायलाही साधारण तेवढाच काळ लागतो.

खुब्याचा एक्स-रे

हिप डिस्प्लेसियात मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत घट्ट बसत नाही. सांधा सैल राहतो, चालताना गोळा सरकत राहतो, कूर्चा झिजते आणि पुढे संधिवात जडतो. हा दोष अनेक जनुकांच्या एकत्रित परिणामाने येतो आणि त्यात आहार, वजन व वाढीच्या वयातील व्यायाम यांची भर पडते. त्यामुळे तो ओळखणारी एकच एक डीएनए चाचणी नाही. एक्स-रे काढावाच लागतो आणि तो नर व मादी दोघांचाही लागतो. कुत्रा लंगडत नाही एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण मध्यम दर्जाचा दोष असलेली तरुण कुत्री सर्रास उड्या मारताना आणि चेंडूमागे धावताना दिसतात.

हा एक्स-रे नीट काढणे हेच एक कौशल्य आहे, म्हणून मालकाला त्यातील खाणाखुणा माहीत असाव्यात. कुत्र्याला गुंगीचे औषध देऊन उताणे झोपवतात, मागचे दोन्ही पाय सरळ व एकमेकांना समांतर ताणतात आणि किंचित आतल्या बाजूला वळवून धरतात. तयार फिल्मवर आधी गुडघ्याच्या वाट्या पाहाव्यात. त्या मांडीच्या हाडाच्या बरोबर मधोमध दिसल्या पाहिजेत. मग कटीच्या हाडातील डाव्या व उजव्या बाजूची मोठी छिद्रे पाहावीत. ती सारख्या आकाराची नसतील तर कुत्रा तिरका झोपला होता असे समजावे. अशा फिल्ममध्ये एक खुबा प्रत्यक्षाहून चांगला आणि दुसरा वाईट दिसतो, म्हणून ती पुन्हा काढून घ्यावी. संकोच करू नये. फिल्मवर मायक्रोचिपचा क्रमांक आणि तारीख उमटलेली असावी. नुसते कुत्र्याचे नाव लिहिलेली फिल्म उद्या कोणत्याही कुत्र्याची म्हणून दाखवता येते.

निकोप खुब्यात गोळ्याचा किमान अर्धा भाग खोबणीच्या काठाच्या आत असतो, गोळा आणि खोबण यांमधील फट सगळीकडे सारखी असते आणि नोरबर्ग कोन, म्हणजे गोळा खोबणीत किती खोल बसला आहे हे दाखवणारे माप, १०५ अंश किंवा त्याहून अधिक भरतो. गोळ्याच्या मानेवर हाडाची नवी रेघ उमटलेली दिसली तर संधिवाताची सुरुवात झाली आहे. मात्र अंतिम वाचन अनुभवी तज्ज्ञाकडूनच करून घ्यावे. ओएफए सात श्रेणी देते आणि त्यांतील वरच्या तीनच सामान्य मानल्या जातात. ब्रिटिश पद्धतीत दोन्ही खुब्यांचे मिळून ० ते १०६ गुण असतात आणि गुण जितके कमी तितका खुबा चांगला. जर्मन संघाच्या नोंदींत श्रेणीबरोबर प्रजननमूल्याचा आकडाही असतो. त्यात १०० ही जातीची सरासरी धरतात आणि त्याहून कमी आकडा म्हणजे सरासरीहून चांगला वारसा. परदेशी रक्ताचा नर निवडताना हा आकडा अवश्य विचारावा, कारण त्यात एकट्या कुत्र्याची फिल्म नव्हे, तर त्याच्या नातलगांचेही खुबे जमेस धरलेले असतात.

मादी हीटवर (माजावर) असताना किंवा पिल्ले पाजत असताना हा एक्स-रे काढू नये. संप्रेरकांमुळे त्या काळात सांधे तात्पुरते सैल होतात. हीट संपल्यावर किंवा पिल्लांचे दूध तोडल्यावर तीन ते चार आठवडे थांबावे. त्याच गुंगीत दोन्ही कोपरांचेही एक्स-रे काढून घ्यावेत, म्हणजे वेगळी भूल द्यावी लागत नाही. जवळच्या दवाखान्यात सोय नसेल तर मुंबईत परळचे किंवा सातारा जिल्ह्यात शिरवळचे पशुवैद्यक महाविद्यालय यांसारख्या ठिकाणी चौकशी करावी.

फिल्म वाईट निघाली तर त्या मादीचे वेत घेऊ नये. हा निर्णय जड जातो, कारण तोवर ती घरातली झालेली असते आणि बाकी सगळ्या बाबतींत गुणी असते. ती घरात सुखाने राहील. तिची नसबंदी करावी, वजन आटोक्यात ठेवावे आणि तिच्या सांध्यांवर वेळीच उपचार सुरू करावेत.

डीएनए चाचण्या

गालाच्या आतून घासून घेतलेला स्वॅब किंवा थोडे रक्त प्रयोगशाळेत पाठवून या चाचण्या होतात आणि आयुष्यात एकदाच कराव्या लागतात. जर्मन शेफर्डच्या बाबतीत पहिली चाचणी डीजनरेटिव्ह मायलोपॅथी अर्थात डीएमची, म्हणजे मज्जारज्जू झिजत जाण्याच्या आजाराची. एसओडी-१ जनुकातील दोषाशी असलेला या आजाराचा संबंध २००९ मध्ये उघड झाला. बहुधा आठ वर्षांच्या पुढे मागचे पाय हळूहळू लुळे पडतात, पंजा उलटा पडू लागतो आणि मागच्या नखांचा वरचा भाग जमिनीवर घासून झिजतो. वेदना नसतात, उपचारही नाही. खुब्याचे दुखणे समजून अनेकदा याकडे दुर्लक्ष होते. दोषाच्या दोन प्रती असलेल्या प्रत्येक कुत्र्याला आजार होतोच असे नाही, परंतु धोका त्यांनाच असतो. एक प्रत असलेला वाहक आणि पूर्ण निर्दोष कुत्रा यांच्या जोडीतून सरासरी निम्मी पिल्ले वाहक निघतात, पण धोक्यातले एकही नाही. दोन वाहकांच्या जोडीतून मात्र सरासरी चारात एक पिल्लू दोन्ही प्रती घेऊन जन्मते. त्यामुळे वाहकाला सरसकट बाद करण्याची गरज नाही. चांगले खुबे आणि उत्तम स्वभाव असलेला वाहक निर्दोष जोडीदाराबरोबर वापरावा आणि त्याच्या पिल्लांची चाचणी करून पुढची निवड करावी. सगळे वाहक एकदम काढून टाकले तर जातीतील आनुवंशिक वैविध्य आणखी आटते. खुजेपणा आणणाऱ्या पिट्यूटरी दोषाचीही चाचणी उपलब्ध आहे आणि तिचे गणितही असेच चालते.

दुसरी चाचणी एमडीआर-१ ची. आपल्याकडे हिचे महत्त्व फार मोठे आहे आणि तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्षही होते. हे जनुक मेंदूत शिरू पाहणारी काही औषधे बाहेर ढकलणारे प्रथिन तयार करते. त्यातील चार अक्षरे गळाली की ती राखण मोडते आणि औषध थेट मेंदूत साचते. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी हा दोष २००१ मध्ये शोधला. त्यांच्या नोंदींप्रमाणे तो कोली जातीत सुमारे ७० टक्के, ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये सुमारे ५० टक्के आणि जर्मन शेफर्डमध्ये सुमारे १० टक्के आढळतो. बॉर्डर कोलीत मात्र तो क्वचितच असतो.

ज्या औषधामुळे हा दोष उघडकीस आला ते आयव्हरमेक्टिन. गोचीड, खरूज आणि जंत यांसाठी गाई-म्हशी व शेळ्यामेंढ्यांना ते खेडोपाडी टोचले जाते आणि त्याच बाटलीतून कुत्र्यालाही दिले जाते. दोष असलेल्या कुत्र्यात खरुजेच्या डोसाने लाळ गळणे, तोल जाणे, बाहुल्या विस्फारणे, तात्पुरते अंधत्व आणि अखेर बेशुद्धी असा क्रम दिसू शकतो. त्यावर नेमका उतारा नाही. दिवसेंदिवस सलाईन आणि शुश्रूषा करत कुत्र्याला जगवावे लागते. हृदयातील जंतांच्या प्रतिबंधासाठी दिला जाणारा अत्यल्प डोस दोष असलेल्या कुत्र्यांनाही चालतो, म्हणून सगळा प्रश्न मात्रेचा आहे. नुकतेच औषध टोचलेल्या जनावराचे शेण खाल्ल्यानेही विषबाधा होऊ शकते, ही गोष्ट शेतावर कुत्री पाळणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावी. हगवणीवरचे लोपेरामाइडही अशा कुत्र्यांना घातक आहे, आणि ते अनेक घरांच्या औषधाच्या डब्यात असते. या दोषाची एकच प्रत असलेला कुत्राही काही प्रमाणात संवेदनशील असतो, त्यामुळे इथे ‘नुसता वाहक आहे’ असे म्हणून निश्चिंत राहता येत नाही. चाचणीचा निकाल मालकाने पिल्लाच्या लसीकरणाच्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर ठळक लिहून द्यावा.

बॉर्डर कोली, कोली किंवा ऑस्ट्रेलियन शेफर्ड पाळणाऱ्यांसाठी दोन गोष्टी जोडतो. कोली आय ॲनोमली या जन्मजात नेत्रदोषासाठी पिल्लांचे डोळे सहा ते आठ आठवड्यांच्या वयात तपासून घ्यावेत, कारण सौम्य दोष पुढे रंगद्रव्याखाली झाकला जातो आणि मग तपासणीत डोळा निर्दोष दिसतो. डीएनए चाचणीने मात्र तो कधीही पकडता येतो. आणि दोन मर्ल रंगाच्या (फिकट रंगावर गडद ठिपके-डाग असलेल्या) कुत्र्यांची जोडी कधीही लावू नये. त्यातून सरासरी चारात एक पिल्लू मर्लच्या दोन प्रती घेऊन येते आणि अशा पिल्लांत बहिरेपणा व आंधळेपणा यांचा धोका फार मोठा असतो. रंगाच्या हौसेपायी हे करणे अक्षम्य आहे.

चाचणीत न दिसणारे

अपस्मार, स्वादुपिंडाची पाचकरसांची कमतरता आणि गुदद्वाराभोवतीचे नासूर ही जर्मन शेफर्डमध्ये आढळणारी दुखणी पैदाशीआधी खात्रीने ओळखेल अशी चाचणी नाही. इथे नातलगांची चौकशी हाच मार्ग उरतो. मादीच्या आईबापांचे आणि तिच्या भावंडांचे मालक शोधून त्यांना फोन करावा: किती जिवंत आहेत, कशाने गेले, कुणाला फिट येते का, भरपूर खाऊनही कुणी हडकुळा राहिला का? माणसे मोकळेपणाने सांगतात, फक्त कुणी विचारत नाही.

स्वभाव तर सर्वांत आधी पाहावा. अनोळखी माणूस घरात आल्यावर मादी सावध राहणे योग्य. पण मालकाने शांत केल्यावरही ती थरथरत असेल, कोपऱ्यात दबत असेल किंवा भीतीपोटी चावत असेल तर खुबे कितीही उत्तम असोत, तिचे वेत घेऊ नये. घाबरट आईची पिल्ले तिच्याकडून वारशाने भित्रेपणा घेतात आणि शिवाय पहिले आठ आठवडे तिचे वागणे रोज पाहतात.

नर निवडताना

शहरात ज्याला बक्षिसे मिळाली तोच नर सगळ्यांना हवा असतो. पाच-सात वर्षांत त्या परिसरातील निम्मी पिल्ले एकमेकांची सावत्र भावंडे होतात आणि त्याच्यातील लपलेला दोष सर्वत्र पसरतो. सावत्र भावंडांच्या जोडीतील पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे आईबापांच्या जवळच्या नात्याचे माप, १२.५ टक्के येतो आणि सख्ख्या भावंडांच्या जोडीतून तो २५ टक्क्यांवर जातो. वंशावळीच्या चार-पाच पिढ्या कागदावर मांडून दोन्ही बाजूंना येणारी नावे रंगवावीत. एकच नाव जवळच्या पिढ्यांत दोन्हीकडे आले तर दुसरा नर पाहावा. नराच्या मालकाने फिल्म आणि डीएनए अहवाल मूळ प्रतीत दाखवले पाहिजेत. ‘आमच्या कुत्र्याला कधी काही झाले नाही’ हे उत्तर पुरेसे नाही.

मेटिंग, गाभणकाळ आणि वीण

मेटिंगआधी नर आणि मादी दोघांचीही ब्रुसेलासाठी रक्ततपासणी करावी. या जंतूमुळे गर्भ पडतात, नर वंध्य होतो आणि माणसालाही संसर्ग होऊ शकतो. मादीचे लसीकरण आणि जंतनिर्मूलन हीट येण्याआधीच उरकावे.

हीटच्या अकराव्या आणि तेराव्या दिवशी जोड लावण्याचा प्रघात आहे, पण प्रत्येक मादीचे वेळापत्रक वेगळे असते. रक्तातील प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची पातळी पाहणे खात्रीचे. ती मिलिलिटरमागे ५ नॅनोग्रॅमच्या आसपास पोहोचली की अंडमोचन झाले, म्हणजे अंडाशयातून अंडी बाहेर पडली, असे समजतात. अंडी पक्व व्हायला आणखी दोन दिवस लागतात, म्हणून त्यानंतरच्या दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी मेटिंग करावे. अंडमोचनाचा दिवस माहीत असेल तर वीण त्यापुढे साधारण ६३ व्या दिवशी, एखादा दिवस मागेपुढे, होते. सोनोग्राफी चौथ्या आठवड्यात करावी आणि पिल्ले मोजण्यासाठी ५५ व्या दिवसानंतर एक एक्स-रे काढावा. किती पिल्ले यायची आहेत हे माहीत असले की शेवटचे अडकले तर लगेच कळते.

गाभण कुत्रीला कॅल्शियमचे सिरप पाजण्याची पद्धत आपल्याकडे खूप रूढ आहे. ती सोडावी. बाहेरून सतत कॅल्शियम मिळाले की हाडांतून ते काढून घेण्याची शरीराची यंत्रणा मंदावते आणि वीण झाल्यावर, दुधाचा जोर वाढतो त्या आठवड्यांत, रक्तातील कॅल्शियम एकदम घसरून झटके येतात. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून चांगल्या प्रतीचे पिल्लांचे खाद्य थोडे थोडे करून जास्त वेळा द्यावे, तेवढे पुरते.

५७ व्या दिवसापासून रोज दोन-तीनदा तापमान घ्यावे. ते ३७.२ अंश सेल्सियसच्या खाली गेले की साधारण चोवीस तासांत वीण सुरू होते. अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू आले नाही, आत पिल्ले शिल्लक असताना दोन तासांहून अधिक खंड पडला, किंवा पहिले पिल्लू येण्याआधीच हिरवट स्राव दिसला तर वाट न पाहता डॉक्टर गाठावेत. घरी ऑक्सिटोसिन टोचू नये. पिल्लू आडवे अडकले असेल तर त्याने गर्भाशय फाटू शकते.

पहिले आठ आठवडे

प्रत्येक पिल्लाला वेगळ्या रंगाचा धागा बांधून स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर रोज एकाच वेळी वजन करावे आणि वहीत लिहावे. जन्मवजन आठ-दहा दिवसांत दुप्पट व्हायला हवे. एक दिवस वजन थांबले तर लक्ष द्यावे, घटले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या कोपऱ्यात २९ ते ३२ अंश ऊब लागते. आपल्या उन्हाळ्यात ती आपोआप मिळते, पण पावसाळ्यात आणि हिवाळ्यातील रात्री दिव्याची सोय करावी लागते. दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी जंतांचे औषध आणि सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पहिली लस द्यावी.

पिल्ले चालू लागली की फरशीचा विचार करावा. गुळगुळीत टाइल्सवर मागचे पाय फाकतात आणि कोवळ्या खुब्यांवर ताण येतो, म्हणून रबरी मॅट किंवा जुनी सतरंजी पक्की अंथरावी. पहिले तीन महिने जिने चढउतार करू देऊ नये. मऊ, उंचसखल मातीवर मोकळे खेळू देणे मात्र हिताचे. गुटगुटीत पिल्लू सगळ्यांना आवडते, पण मोठ्या जातीच्या पिल्लाच्या बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. तिसऱ्या आठवड्यापासून कुकरची शिटी, दारावरची घंटा, लहान मुले, छत्री उघडलेला माणूस, स्कूटर अशा गोष्टी रोज थोड्या थोड्या ओळखीच्या कराव्यात.

आठ आठवडे पूर्ण झाल्यावर मायक्रोचिप केलेल्या पिल्लाबरोबर आईबापांच्या खुब्यांच्या व कोपरांच्या श्रेणी, डीएनए अहवालांच्या प्रती, लसीकरणाची पुस्तिका आणि सध्याच्या आहाराचा तपशील द्यावा. लेखी करारात, कोणत्याही वयात आणि कोणत्याही कारणाने पिल्लू ठेवणे अशक्य झाले तर ते आपल्याकडेच परत यावे, हे कलम घालावे. पिल्लू पाहायला येणाऱ्याला आपणही प्रश्न विचारावेत: दिवसभर घरी कोण असते, कुत्रा कुठे झोपेल, याआधीचा कुत्रा किती वर्षे जगला? उत्तरे पटली नाहीत तर पिल्लू देऊ नये. पैसे हातात आले असले तरी परत करावेत.

करारात आणखी एक कलम असावे: पिल्लू दीड-दोन वर्षांचे झाल्यावर मालकाने खुब्यांचा एक्स-रे काढावा आणि त्याचा निकाल आपल्याला कळवावा. शक्य असेल तर त्या तपासणीचा अर्धा खर्च आपण उचलावा, म्हणजे टाळाटाळ होत नाही. मादी आपल्या पिल्लांना काय देते हे तिच्या स्वतःच्या एका फिल्मपेक्षा तिच्या आठ पिल्लांच्या फिल्म्स अधिक खरेपणाने दाखवतात. तिचे पुढचे वेत घ्यायचे का आणि घ्यायचे तर कोणत्या नराबरोबर, हे त्या फिल्म्स हातात आल्यावर ठरवावे.